उंचीप्रमाणे रांग

मे महिना संपत आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शहाणपणाचा हंगाम सुरू होतो. हापूसच्या पेट्यांच्या जाहिराती थांबतात आणि सुट्टीनंतर वयात आलेल्या मुलांना शाळेसाठी कसं तयार करावं, हे सांगणारे संदेश धो धो येऊ लागतात. रोज थोडं लवकर झोपवा. मोबाइल एकदम नको, हळूहळू काढून घ्या. डब्यात रंगीत भाज्या द्या. आणि शेवटी, न चुकता, मुलांशी संवाद साधा. गच्चीवरची पाण्याची टाकी जशी वर्षातून एकदा धुऊन घ्यायची असते, तसा हा संवादही शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा साधून टाकायचा असतो, अशी आमच्या लोकांची समजूत आहे. संदेश पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांची मुलं स्वतःच्या आईवडिलांशी फक्त पार्सल आलं का एवढंच बोलतात, हे मला आमच्या लिफ्टमध्ये रोज ऐकू येतं.

यंदा या हंगामात माझाही नंबर लागला. बी विंगमधले सबनीस काका घरी आले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ सोसायटी झाल्यापासून आमचे चेअरमन आहेत, कारण फुकट मिळणाऱ्या शिव्या खायला दुसरं कुणी तयार नाही. रविवारी क्लब हाउसमध्ये पालकांसाठी कार्यशाळा ठेवली आहे, म्हणाले, आणि 'माझी मुलगी शाळेसाठी कशी तयार झाली' या विषयावर मी बोलायचं. "तुमची मधुरा म्हणजे आमच्या सराव शाळेचं चालतंबोलतं यश आहे, वहिनी." मी बघते म्हणाले. पुण्यात बघते म्हणजे काय हे त्यांनाही कळतं, पण दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर माझं नाव लागलेलं होतं.

मधुरा आता कॉलेजात आहे. माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच. चालते कशी, तर मान वर आणि खांदे मागे. लग्नकार्यात बायका तिच्याकडे बघून मला विचारतात, पोहायला घातली होती का. मी नाही म्हणते आणि विषय बदलते. सराव शाळेचं नाव मात्र फार दिवसांनी कानावर आलं, आणि ते एकटं आलं नाही. त्याच्यामागून बुरसटलेल्या बुटांचा वास आला, सॅनिटायझरचा आला, श्राद्धाच्या वड्यांचा आला.

साथीत शाळांना जी कुलपं लागली होती ती दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्येही उघडली नाहीत. उघडली ती गणपती होऊन गेल्यावर, भर पितृपक्षात. सातवीच्या वर्गातून घरी आलेली मुलगी एकदम नववीच्या वर्गात जायची होती. मधल्या काळात ती फळ्याऐवजी एका काळ्या चौकोनात राहिली होती. चौकोनावर तिचं नाव आणि नावाच्या जागी कधी कधी मांजराचं चित्र. कॅमेरा बंद, आवाज बंद. त्या चौकोनाच्या आड ती केवढी वाढली, हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण घरातले पंखे मी पुसायचे आणि एक दिवस ती स्टूल न घेता पंख्याच्या पात्यावरची धूळ बोटाने पुसून मला दाखवत होती.

शाळा उघडणार अशी बातमी आली आणि धायरीपासून पेठांपर्यंत सगळ्या पालकांना एकाच वेळी एकच धर्मसंकट पडलं. पितृपक्षात नवीन कपडा कसा घ्यायचा? ज्या लोकांनी टाळेबंदीत रात्रंदिवस ऑनलाइन मागवामागव केली, टीव्ही मागवले, एअर फ्रायर मागवले, त्यांना आता गणवेशाच्या एका शर्टावरून पूर्वज आठवले. ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली. शेवटी सबनीस काकांनी निकाल दिला की गणवेश हे वस्त्र नसून शैक्षणिक साहित्य आहे, सबब त्याला दोष लागत नाही. पितरांचं समाधान झालं असावं, कारण दुसऱ्या दिवशी गणवेशाच्या दुकानासमोर ही गर्दी.

दुकानदार मास्क हनुवटीवर ठेवून उभा होता. नववी म्हटल्यावर त्याने नववीच्या मुलींचा शर्ट पुढ्यात टाकला. तो मधुराला खांद्यात बसेना. त्याहून मोठा टाकला, तोही बाह्यांना आखूड. मग त्याने तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाला, मुलग्यांचा देतो, तोच बसेल. मागे उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. मधुराने मान खाली घातली, खांदे पुढे घेतले आणि अशी काही आक्रसली की तो मुलग्यांचा शर्टही तिच्यावर सैल दिसायला लागला. गिऱ्हाइकाचा अपमान करणं ही आमच्या गावात सेवा समजली जाते, त्यामुळे आम्ही शर्ट घेऊन मुकाट घरी आलो.

तिचं ते वाकणं तसं आधीच सुरू झालं होतं. गणपतीतच आरतीला उभी राहिली की पोक काढून उभी राहायची. आणि वयात आलेल्या मुलीने पोक काढलं म्हटल्यावर त्या काळात जगाकडे त्याचं एकच उत्तर होतं, मोबाइल. तिच्या वडिलांनी सांगितलं मोबाइल. सदाशिव पेठेतल्या माझ्या नणंदेने फोनवर सांगितलं मोबाइल, आणि जोडीला हेही सांगितलं की आमच्या निनादला असं काहीच झालं नाही. निनाद दीड वर्ष खोलीबाहेर आलेला नव्हता, तेव्हा त्याची पाठ कशी आहे हे नणंदेला कुठून कळलं ते ती जाणे. नणंदेनेच एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. त्या बाईंनी मधुराला एकही प्रश्न विचारला नाही. कागदावर एक वर्तुळ काढलं, त्यात आत्मविश्वास असं लिहिलं, त्याच्याभोवती आणखी एक वर्तुळ काढलं, आणि मला म्हणाल्या, हे असं आहे बघा. मी बघितलं. मग पाठीला बांधायचा पट्टा आला, भिंतीला टेकून उभं राहायचे व्यायाम आले, आणि माझ्या तोंडी दिवसभर एकच जप आला, ताठ बस, ताठ उभी राहा. कढी ढवळताना, कुकर लावताना, मिटिंगमध्ये माइक बंद करून, ताठ. मीही त्याच गावची, वेगळी कुठून असणार.

आणि मग सराव शाळा. ही कल्पना सबनीस काकांची. मुलांची शाळेची सवय मोडली आहे, तेव्हा खरी शाळा उघडायच्या आधी आठवडाभर क्लब हाउसमध्ये शाळेची रंगीत तालीम घ्यायची. जगात इतर ठिकाणी मुलांना शाळेत पाठवतात. आम्ही पुण्यात आधी शाळेत जाण्याचा क्लास लावतो. सूचना फलकावर लागलं की मुलांनी बूट-मोजे घालून, दप्तर भरून यावे, लिफ्ट वापरू नये, कारण शाळेत लिफ्ट नसते. ज्या जमिनीवर आमची सोसायटी उभी आहे ती ज्यांची होती त्या संगीताताई आमच्याच इमारतीत राहतात. त्या फलकासमोर उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "आता शाळा सुरू व्हायच्या आधीच शाळा कशाला हाय ही?" सगळ्यांच्या मनातलं त्या बोलल्या, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा सगळ्यांच्या आधी दप्तर घेऊन हजर होता, कारण बाकीच्यांची पोरं जाणार होती.

पहिल्या सकाळी पहिला घोळ प्रार्थनेवर झाला. सोसायटीतली मुलं चार वेगवेगळ्या शाळांतली. प्रत्येक आईला आपल्याच शाळेची प्रार्थना हवी. एकीचं म्हणणं, आमची संस्कृत आहे, तिने उच्चार सुधारतात. दुसरीचं म्हणणं, आमची इंग्रजी आहे आणि आम्ही फी भरतो. वाद वाढला तसा काकांनी तोडगा काढला की प्रार्थनेऐवजी सर्वांनी दोन मिनिटं शांतता पाळावी. मग पंधरावीस मुलं, तोंडाला मास्क, हात खाली, माना खाली, पितृपक्षातल्या त्या सकाळी क्लब हाउसमध्ये निश्चल उभी राहिली. बाहेरून जाणाऱ्या दूधवाल्याने चप्पल काढली आणि मला हळूच विचारलं, कोण गेलं. शेजारच्या इमारतीत कुणाकडे तरी वडे तळत होते, त्याचा वास सगळीकडे पसरला होता, आणि कठड्यावर कावळे बसले होते.

मग ताटावर लाटणं आपटून तास झाले. हजेरी झाली. मिसरूड फुटलेल्या एका मुलाने हजर म्हणायच्या ऐवजी सवयीने विचारलं की सर, मी ऑडिबल आहे का. काकांनी मुलांना हाताने पानभर शुद्धलेखन लिहायला लावलं आणि बोटं दुखतात म्हणून पोरं हात झटकत बसली. मागच्या खुर्च्यांवर आम्ही आया, आपापल्या मुलाचा पेन कसा चालतो ते दुसरीला दिसू नये म्हणून पुढे वाकून बसलेल्या. आणि कुणाच्याही मुलाने बाजूच्या मुलाशी एक शब्द बोलून दाखवला नाही, याचं मात्र तिथे सगळ्यांना कौतुक वाटत होतं. केवढी शिस्त आहे बघा, म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी काकांनी कवायतीसाठी मुलांना पार्किंगमध्ये नेलं आणि उंचीप्रमाणे रांग लावायला सांगितली. बुटकी पुढे, उंच मागे. मधुरा पुढे जाऊन उभी राहिली. तिने लांब कुर्ता घातला होता, पण मी बाजूला उभी असल्यामुळे मला दिसलं, तिने कुर्त्याच्या आत दोन्ही गुडघे वाकवले होते. पाठ वाकलेली, गुडघे वाकलेले, आणि मास्कच्या वर डोळे अगदी समोर, जसं काही झालंच नाही. काकांनी येऊन तिची पाठ सरळ केली, मला म्हणाले पट्टा नियमित बांधा, आणि तिला शेवटी पाठवून दिलं.

संध्याकाळी ती गॅलरीत मोजे वाळत घालत होती. मी विचारलं, गुडघे का वाकवले होतेस. आधी, कुठे वाकवले, असं म्हणाली, मग एकच मोजा ताणत राहिली.

"ऋजुता वाढलेली नाहीये, आई. तिच्या आईच्या स्टेटसला गौरीपुढचा तिचा फोटो होता. ती अजून तेवढीच आहे."

"मग?"

"मग मी शेवटी जाणार ना."

मला तेव्हा कळलं. आमच्याकडच्या शाळांत मुलं उंचीवर लावतात, मंडईत बटाटे निवडावेत तशी. पहिलीपासून सातवीपर्यंत वर्गात सगळ्यांत बुटकी ऋजुता आणि तिच्यामागे मधुरा. रांगेत पुढेमागे, म्हणून बाकावर शेजारी, म्हणून डबा एकत्र, म्हणून सहलीच्या बसमध्ये एका खिडकीत दोन डोकी. मैत्री मनं जुळून होते असं ज्यांना वाटतं त्यांनी शाळेचं मैदान बघावं. निम्म्या बालमैत्रिणी आपल्याला कवायतीच्या बाईंनी दिलेल्या असतात. शाळा बंद झाल्यावर या दोघी रोज तासतासभर फोनवर बोलायच्या. मग थोडं कमी. मग नुसते मेसेज. मग वाढदिवसाला केकचं चित्र. भांडण नाही, रुसवा नाही, नुसतं विरत गेलं. मधुराचा मात्र एक हिशेब पक्का होता. रांगेत परत पुढेमागे उभं राहिलं की सगळं पहिल्यासारखं होईल. फोनवर काय बोलायचं हेच सुचत नाही गं, म्हणाली, पण तिच्यामागे उभी राहिले की सुचेल. आणि त्यासाठी ती महिनाभर आमच्या घरात बुटकी व्हायचा सराव करत होती, आणि आम्ही सगळे मिळून तिला पट्टा बांधत होतो.

मी दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गशिक्षिकेला फोन केला. म्हटलं, पहिले काही दिवस तरी तिला पुढे उभं राहू द्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, अहो, मागच्या मुलींना फळा दिसत नाही, आणि तुमची मुलगी आता काही लहान राहिली नाही. दीड वर्षं कुणालाच फळा दिसला नव्हता, त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. पण नियम तो नियम. साथ आली, माणसं गेली, परीक्षा रद्द झाल्या, सगळं जग उलटंपालटं झालं, आणि त्यातून काय सहीसलामत वाचलं, तर उंचीप्रमाणे रांग. मी फोन ठेवला आणि मधुराला यातलं काही सांगितलं नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी पालकांनी फाटकाशी थांबू नये अशी सूचना होती, म्हणून सगळे पालक फाटकाशी थांबले होते. स्वागताचा फलक, गुलाबाची फुलं, कपाळावर रोखायची तापमापकाची बंदूक. एका मुलाला गुलाब देताना फोटो नीट आला नाही म्हणून तोच गुलाब त्याच्याकडून परत घेऊन पुन्हा दिला. शिक्षक रांगेने उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मुलं त्या टाळ्यांमधून मान खाली घालून, चोर पकडून आणावेत तशी आत जात होती. मी कुंपणाच्या जाळीला लागून उभी राहिले, जिथून मैदान दिसत होतं. मैदानावर अंतर राखायला चुन्याची वर्तुळं आखली होती. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, त्यामुळे आया आपली मुलं दप्तरावरून ओळखत होत्या.

मला मधुरा सापडली. ती नववीच्या रांगेच्या पुढच्या टोकाकडे चालली होती. पहिल्या वर्तुळात ऋजुता होती, तीच ती, दोन वेण्या, बारीकशी. मधुरा तिच्यामागच्या वर्तुळात जाऊन उभी राहिली आणि मला इतक्या लांबून तिचे गुडघे दिसले. थोडे वाकले. पाठ वाकली. मान खांद्यांत गेली. जाळी धरून मी मनात म्हणत होते, वाक, अजून थोडी वाक. महिनाभर जिला ताठ हो म्हणून पिडलं, तिला मी वाक म्हणत होते. ऋजुता मागे वळली. काहीतरी बोलली. हात लांब करून कुठेतरी दाखवलं. मधुराने मान हलवली. मग ती सरळ झाली, पुरती सरळ, आणि सगळ्या वर्तुळांच्या कडेने चालत जाऊन त्याच रांगेच्या शेवटी उभी राहिली.

मला बरं वाटलं. बोलल्या एकदाच्या, असं वाटलं. बाईंनी हाकलायच्या आधी ऋजुताच म्हणाली असेल, जा मागे, मधल्या सुट्टीत भेटू. मी घरी येऊन तिच्या आवडीची चिंचगुळाची आमटी केली.

दुपारी ग्रुपवर सबनीस काकांनी फोटो टाकला. शाळेने पालकांना पाठवलेल्या फोटोंतून त्यांनी तो शोधून काढला होता. मैदानावरची रांग, आणि रांगेच्या शेवटी मधुरा, सैनिकासारखी ताठ. खाली त्यांनी लिहिलं होतं की सराव शाळेचा परिणाम सर्वांनी पाहावा. त्याखाली वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली होती. नणंदेने मला वेगळा फोन करून सांगितलं की समुपदेशक बाई खरंच चांगल्या आहेत. ज्याने त्याने श्रेयातला आपापला वाटा उचलला, आणि मीही सगळ्यांना आभार आभार असं लिहीत बसले होते. येत्या रविवारी मी बोलायचं आहे ते याच फोटोवर, आणि मी जाणार नाही.

त्या दिवशी मधुरा घरी आली, हातपाय धुतले, कपडे बदलले, आणि आम्ही तिघं लवकरच जेवायला बसलो. तिचे बाबा म्हणाले, फोटो पाहिला, पाठ काय सुधारलीये तुझी. ती हं म्हणाली. मी आमटी वाढताना विचारलं.

"ऋजुता भेटली ना?"

"हो."

"काय म्हणाली?"

मधुराने भात कालवला. "म्हणाली, ताई, दहावीची रांग तिकडे आहे."

तिचे बाबा आधी हसले आणि मग थांबले. मी म्हटलं, अगं मास्कमुळे, तिला कळलं नसेल, तू सांगायचंस ना, मी मधुरा म्हणून.

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण ती इतक्या आदराने बोलली, आई."

आणि ती जेवत राहिली, पाठ सरळ, कोपर ताटापासून लांब. ताठ बस असं तिला सांगायची वेळ त्यानंतर माझ्यावर कधी आली नाही.